सव्वा मुठीची एकेचाळीस माणसे

श्रावणातल्या दुपारी आमच्या ओसरीवर पांढरे धोतर अंथरले जाते आणि त्यावर गहू पसरतात. आज सकाळीच ते पसरले गेले. धुऊन वाळत घातलेल्या गव्हाला एक ओलसर, किंचित गोडूस वास येतो. पावसाच्या सरी आणि लख्ख ऊन यांची अदलाबदल चालू असली की तो वास घरभर फिरतो. शेतांत या दिवसांत कपाशी गुडघ्यापर्यंत आलेली असते, केळीच्या पानांना वाऱ्याने झालर पाडलेली असते, आणि घरोघरी बायका सूप मांडीवर घेऊन खडे वेचत असतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची कुलदेवी, बसायची असते. हे तिच्या रोटांचे गहू.

खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगितले पाहिजे. रोटाचे धान्य आम्ही मापाने घेत नाही, माणसांनी घेतो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावे सव्वा मूठ गहू: एक भरलेली मूठ आणि वर चिमूटभर. घरातली वडीलधारी बाई एकेकाचे नाव घेते, मूठ सुपात सोडते, आणि पुढच्या नावाकडे वळते. त्याच पिठाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, होतात, आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. परक्याच्या तोंडी लागू द्यायचे नाहीत. घराघरांची रीत थोडी निराळी असते, पण दोन गोष्टी मी सगळीकडे सारख्याच पाहिल्या आहेत. मूठ जिवंत माणसाची असते, आणि ज्याची मूठ सुपात पडली तो आपला.

यातली पहिली गोष्ट माझ्या घरात मोडली गेली. ती मोडणाऱ्या बाईबद्दल, आणि तिच्या नातीबद्दल, मला लिहायचे आहे. माझ्याबद्दलही लिहावे लागेल. ते टाळता आले असते तर मी टाळले असते.

१९८१ साली महाविद्यालयातली मराठीची नोकरी पक्की झाली आणि मी जळगावात घर घेतले. धुळ्याकडच्या गावाहून माझी आई, जिला सारे अक्का म्हणत, माझ्याजवळ राहायला आली. भिंतीला भिंत लागून ईश्वरीबाईंचे घर होते. त्या सिंधच्या सीमेवरच्या बहावलपुराकडच्या, सिंधी बोलणाऱ्या. फाळणीच्या वर्षी त्यांच्या गल्लीतली माणसे एका दिवसात मारली गेली. त्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या आणि दोन दिवस, दोन रात्री कपाशीच्या शेतात पालथ्या पडून राहिल्या होत्या. पुढे निर्वासितांच्या छावणीत लग्न, मुलगा, कापडाचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरणारा नवरा, मग जळगाव. गाडीच्या खिडकीतून इथली कपाशी पहिल्यांदा दिसली तेव्हा गाडी मागे फिरली असे वाटून त्यांनी नवऱ्याचा हात धरला होता, एवढे त्यांनी एकदा अक्काला सांगितले. याहून जास्त त्या सांगत नसत. मुलगा विचारत नसे. त्याचे दुकान चांगले चालले होते आणि मागे वळून बघणे त्याला परवडण्यासारखे नव्हते.

पहिल्याच श्रावणात त्यांनी अक्काला मुठी भरताना पाहिले. नावे ऐकत त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. मेलेल्यांची भरतात का, असे त्यांनी विचारले आणि अक्काने नाही म्हणून सांगितले. पुढच्या श्रावणात त्या स्वतःचे गहू पितळी परातीत घेऊन आल्या, अक्काच्या सुपाशेजारी बसल्या आणि काही न विचारता मुठी सोडू लागल्या. लधाराम वैद्य. त्याची सून सुंदरी. चेतनदास, तंबू शिवणारा. किशनी, वय सहा. किशनीसाठी त्यांनी मूठ अर्धीच मिटली, कारण सहा वर्षांच्या मुलीच्या हातात तेवढेच मावते.

मी तेव्हा तिथे होतो आणि मला माझे शिक्षण आवरले नाही. अशी परंपरा नाही, यात अशुभ मानतात, आणि यांत बायकांचीही नावे आहेत, असे मी अक्काला हलक्या आवाजात समजावू लागलो. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"तू पोथ्या वाचस भाऊ, पन मूठ कशी भरतस ते तुले म्हाईत नही. आईनी मुठमा जित्ता-मरेल असं नही ऱ्हास."

एका नावाशी मात्र तिचाही हात थांबला. अल्लाबख्श, चक्कीवाला. हा कोण, असे तिने विचारले. गल्लीतल्या चार बायकांना त्याने पिठाच्या कोठारात लपवले होते, आणि म्हणून त्यालाही त्यांच्याबरोबर मारले, असे ईश्वरीबाईंनी सांगितले. अक्काने हातातली मूठ आधी सुपात सोडली. मग "तेनी बी मूठ शे," एवढे म्हणून तिने परात आपल्या सुपाजवळ ओढली आणि ते सगळे गहू आमच्या गव्हात ओतले. वेगळे दळण नाही, वेगळे रोट नाहीत. एकाच जात्याखाली सगळे गेले.

त्या रविवारी गावाहून भाऊबंद आले तेव्हा ही बातमी त्यांच्या कानी गेलीच होती. माझे चुलतकाका, नाना, यांना बोलल्याशिवाय राहवेना. पाटावर बसता बसता त्यांनी टोमणा मारला, "वहिनी, आते या बठ्ठा आपला भाऊबंद व्हयी ग्यात का? उद्या वावरमा वाटाबी मांगतीन."

अक्का रोट वाढत होती. ती म्हणाली, "मरेल मानूस वाटा मांगस नही, नाना. जित्ता मानूस मांगस. तुम्हले ते म्हाईत शे."

नानांचा सख्ख्या भावाशी बांधावरून दहा वर्षे दावा चालला होता. पंगत खाली मान घालून हसली, आणि शेवटी नानाही हसले. त्या दिवसापासून ईश्वरीबाईंचे घर आमच्या पंगतीला बसू लागले. नियमानेच बसू लागले, कारण त्यांची एकेचाळीस माणसे आमच्या पिठात होती. माझ्या मुलखाबद्दल, माझ्या निरक्षर आईबद्दल मला जो अभिमान वाटतो त्याचा उगम शोधू गेलो तर मी त्या पंगतीपाशी येऊन थांबतो. आमची माणसे मोठे बोलत नाहीत. ती सूप पुढे ओढतात.

दरवर्षी तीच नावे, त्याच क्रमाने. क्रम घरांचा होता. गल्लीच्या तोंडापासून त्या निघत, उजवीकडची घरे, मग डावीकडची, मग विहिरीपलीकडची तीन. डोळे मिटलेले नसत, चेहऱ्यावर दुःखही दिसत नसे. भाजी निवडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असते तेवढीच एकाग्रता असे. मला ते वाचन कोरडे वाटे. मी वाङ्मयाचा माणूस होतो.

त्यांची नात रेणू १९८६ साली माझ्या वर्गात आली. घरी सिंधी, रस्त्यावर खानदेशी, आणि वहीत अतिशय नितळ मराठी. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी तिने आजीवर लेख लिहून आणला. तो वाचताना मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेलो, इतका तो चांगला होता. आजी रात्रीसुद्धा दाराला आतून कडी लावू देत नाही. आजी झोपताना चपला खाटेखाली ठेवते, पण त्यांची तोंडे दाराकडे करून. आम्ही लहानपणी त्या चपला गमतीने उलट्या फिरवून ठेवत असू, आणि आजी मध्येच उठून, काही न बोलता, त्या पुन्हा सुलट्या करत असे. आम्हाला वाटे, तीही खेळते आहे. असे सारे त्यात होते. घडलेल्या गोष्टीचे एक अक्षरही नव्हते, आणि तरी ती गोष्ट वाक्यावाक्याच्या मागे उभी होती.

शेवटच्या पानावर मात्र नावे होती. त्या श्रावणात आजीजवळ बसून उतरवून घेतलेली एकेचाळीस नावे, एकाखाली एक, प्रत्येकापुढे दोन-तीन शब्द. वैद्य. त्याची सून. पोहता येत असे. उधार देत नसे. वय सहा.

मी संपादक होतो. ते पान मी उभ्या रेघेने काटले आणि समासात लिहिले: "यादी म्हणजे वाङ्मय नव्हे." ते वाक्य मला तेव्हा आवडले होते, हेही इथे नोंदवतो. रेणूने विरोध केला नाही. वर्गातल्या हुशार मुली सरांना विरोध करत नसत. अंक छापून झाल्यावर छापखान्याने हस्तलिखिते रद्दीत दिली. तशी प्रथाच होती. तिच्याकडे दुसरी प्रत आहे का, हे मी विचारले नाही.

अंक हाती आल्यावर रेणूने तो लेख आजीला सिंधीत समजावून वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी ईश्वरीबाई आमच्या उंबऱ्याशी आल्या. आत या म्हटले तरी आल्या नाहीत. मराठी त्यांना बेतानेच येत असे, पण त्या दिवशी त्यांचे एकही वाक्य अडखळले नाही.

"मास्तर, माझा दरवाजा आला, माझ्या चपला आल्या. माणसं किधर गेली?"

मी म्हणालो, जागा नव्हती. त्यांनी मान हलवली आणि त्या गेल्या. रेणूचा लेख जिथे संपतो त्या पानाचा खालचा अर्धा भाग रिकामा राहिला होता आणि तिथे मी मोराचे एक चित्र टाकायला सांगितले होते. ईश्वरीबाईंना वाचता येत नसे, पण मोर दिसत असणारच.

पुढे मी युरोपातल्या छळछावण्यांतून वाचलेल्या माणसांची लेखने वाचली, आणि त्यांच्या मुला-नातवंडांनी लिहिलेली पुस्तकेही. पदव्युत्तर वर्गासाठी ती शेजारी शेजारी ठेवून शिकवलीही. विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट दाखवत असे. जो वाचला तो बहुधा मोजतो. भाकरीचे किती तुकडे, कोणाच्या शेजारी कोण झोपे, कोणाचे नाव काय. त्याला समजावून सांगायची घाई नसते, कारण त्याच्यावर एकच जबाबदारी असते: मी जर हे नाव घेतले नाही तर ते जगात कोणीही घेणार नाही. नंतर जन्मलेल्याला मोजता येत नाही. त्याने माणसे पाहिलेलीच नसतात. त्याने पाहिलेली असते फक्त आजीची खाट, बंद कपाट, जेवताना अचानक थांबलेला हात. म्हणून तो त्या हातापासून मागे मागे चालत जातो, आणि चालता चालता त्याची भाषा सुंदर होते. आमच्यासारखे वाचक त्या सौंदर्याला बक्षिसे देतात. हे सारे मी चांगले शिकवत असे. पण दोन्ही प्रकारचे लेखन एकाच मुलीने एकाच लेखात माझ्या टेबलावर आणून ठेवले होते, आणि त्यातले कोणते ठेवावे हे ठरवण्याचा अधिकार मला कोणी दिला होता, हे मात्र मी वर्गात कधी सांगितले नाही.

अंक निघाला त्याच हिवाळ्यात ईश्वरीबाईंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. चार-सहा महिन्यांनी त्या बसू लागल्या, घरच्यांना ओळखू लागल्या, थोडे बोलूही लागल्या. रेणू तेव्हा कागद घेऊन त्यांच्याजवळ बसली. एकही नाव येईना; आम्हा ऐकणाऱ्यांनाही पाच-सातच आठवत होती. लधारामच्या पुढे कोण, असे विचारले की त्या रेणूच्या तोंडाकडे पाहत राहत आणि डोळे भरून येत. तीन दिवस असे झाल्यावर ती माझ्याकडे आली. ते पान कुठे मिळेल का सर, असे तिने विचारले. मी छापखान्यात गेलो. तिथल्या माणसाने मला माळा दाखवला, कपाट दाखवले, आणि रद्दीवाल्याचे नावही सांगितले. त्याच्याकडेही मी गेलो. मग परत येऊन रेणूला नाही म्हणून सांगितले, आणि ते पान कोणी काटले होते हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

एकेचाळीस माणसे दुसऱ्यांदा जायच्या बेतात होती. पहिल्यांदा त्यांना मारणारे निराळे होते. या वेळी मी होतो. हे वाक्य मी फार वर्षे मनात वाकवून पाहिले आहे. ते वाकत नाही.

श्रावण आला. अक्काच्या कानावर सारे होतेच. रोटांचे गहू निवडून झाल्यावर तिने रेणूला बोलावले आणि आजीला कडेवर उचलून आणल्यासारखे दोघींनी धरून आमच्या ओसरीवर आणले. रेणू वही उघडून पुन्हा विचारायला लागली तशी अक्काने तिचा हात दाबला.

"तिले इचारू नको. तिना हातमा गहू दे."

ईश्वरीबाईंचा उजवा हात परातीत गेला. गव्हात बोटे नुसतीच फिरली. मग मूठ मिटली, उचलली गेली, सुपावर येऊन उघडली. वरून चिमूट. आणि त्या चिमटीबरोबर, जड जिभेने, पण स्वच्छ: लधाराम. वैद्य.

मी दाराच्या आत उभा होतो. बाहेर यायचे धैर्य नव्हते. गल्ली पुन्हा सुरू झाली होती. उजवीकडची घरे झाली, डावीकडची झाली. किशनीची मूठ अर्धी मिटली. अल्लाबख्शची पूर्ण. मध्येच एखाद्या घरापुढे हात थांबे, अक्का काही न बोलता स्वतःची एक मूठ हवेत मिटून दाखवी, आणि हात पुन्हा चाले. रेणू लिहीत होती. मान वर न करता, एकही शब्द न घालता, न गाळता. विहिरीपर्यंत अडतीस नावे आली. विहिरीपलीकडची तीन घरे, घरटी एक नाव. तिथे तो हात भरलेली मूठ घेऊन बराच वेळ राहिला. नाव आले नाही.

रेणूने वाट पाहिली. मग तिने जे केले ते मला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नसते. तिने आजीची मूठ हळूच सुपावर नेली आणि ती तशीच, नावाशिवाय, सोडू दिली. दुसरी तशीच, तिसरी तशीच. वहीत तिने एकोणचाळीस, चाळीस आणि एकेचाळीस असे आकडे घातले आणि त्यांच्यापुढे काही लिहिले नाही. मी असतो तर "यांच्यासह अनेक" असे काहीतरी लिहून पान बंद केले असते.

आजीने जे जपले ते माणसे होती. नातीने त्यांच्याबरोबर त्यांच्या जागाही जपल्या. वाचलेल्यांचे काम आणि वारसांचे काम यांची तुलना मी अनेक वर्षे पुस्तकांत केली. ती मला समजली त्या ओसरीवर, दाराआड उभ्याने. वारसाकडे नाव नसेल, पण एक माणूस इथे कमी आहे, हे त्याला ठाऊक असते, आणि ती जागा कशानेही भरू न देण्याचे काम तोच करू शकतो. मोराने तर नाहीच नाही.

त्यानंतर चार श्रावण ईश्वरीबाई मुठी भरत राहिल्या. तीन नावे परत आली नाहीत. त्या गेल्यावर रेणू भरू लागली, आणि अक्का गेल्यावर आमच्या सुपातल्या मुठी माझी पत्नी भरू लागली. ती आमच्या दोन्ही मुलींची नावेही घेते, आणि त्याला आता गावाहूनही कोणी हरकत घेत नाही. नानांनीच एकदा पंगतीत विचारले, यंदा चक्कीवाल्याची मूठ पडली ना? पडली, असे कळल्यावर मगच त्यांनी रोट मोडला.

रेणू आता धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकवते. तिशीही पुरती ओलांडलेली नाही आणि तिचे पुस्तक तयार झाले आहे. पहिला अर्धा भाग तिचा आहे: दार, खाट, न बोलणारे वडील, जळगावचे सिंधी-खानदेशी मिसळलेले बालपण. दुसऱ्या अर्ध्या भागात फक्त नावे आहेत, एका पानावर एक. प्रत्येक नावापुढे तेच दोन-तीन शब्द. शेवटची तीन पाने कोरी आहेत. ती मुद्रिते घेऊन ती गेल्या बुधवारी आमच्याकडे आली. सर, एकदा नजर घाला, म्हणाली. अजूनही माझ्यावर विश्वास ठेवावा असे तिला वाटते, याचे मला दर वेळी नवल वाटते.

मी ओसरीवर बसून सारे वाचले. पहिल्या भागात दोन ठिकाणी विशेषणे जास्त झाली होती. ती मी दाखवली आणि तिने मान्य केली. नावांच्या पानांना मी बोटही लावले नाही. मग कोऱ्या पानांच्या आधीची टीप वाचली. तिथे लिहिले होते: "ही तीन नावे आजीच्या आजारपणात तिच्या स्मरणातून निसटली."

मी तिला म्हणालो, हे खरे नाही.

तिने ती टीप पुन्हा वाचली. मग म्हणाली, "सर, इतक्या वर्षांनी तुमचं नाव कशाला?"

मी तिला सांगितले की त्या तीन माणसांची नावे आजीने विसरण्याआधी तुला सांगितली होती, तू लिहिली होतीस, आणि ती कागदावर सुखरूप होती. आजीकडून काही निसटले नाही. ज्या बाईने एकोणचाळीस वर्षे एक माणूस मागे पडू दिला नाही, तिच्या नावावर हा दोष छापून जाणार असेल तर त्या पुस्तकात माझ्या दृष्टीने एक खोटी मूठ पडेल. रेणूने मान खाली घातली. शिक्षकाविरुद्ध लिहायचे म्हणजे काय, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसत होते. मीच तिला तसे घडवले होते. मी पेन तिच्यापुढे ठेवले आणि आत जाऊन चहाचे सांगून आलो.

परत आलो तेव्हा तिने टीप खोडून नवी लिहिली होती. माझे संपूर्ण नाव तिने लिहिले होते, वडिलांच्या नावासकट. ते इथे गाळतो, पुस्तकात येईलच. पुढे होते: "ही तीन नावे मी १९८६ साली उतरवून घेतली होती. संपादकांनी ते पान काटले. आजी ती विसरली नव्हती."

मी ती टीप दोनदा वाचली. एक शब्द कमी करावासा वाटला नाही, एक वाढवावासा वाटला नाही. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या कोणाही विद्यार्थ्याने इतकी नीट तीन वाक्ये लिहिली नव्हती. तसे मी तिला सांगितले. तिने मुद्रिते पिशवीत घातली, माझ्या पत्नीने दिलेला गव्हाचा पुडा त्यांच्यावर ठेवला, आणि ती निघाली. तिला पाचची धुळ्याची गाडी गाठायची होती.